लिस्बन, सासूबाईंचे गुडघे आणि सहा रात्री

वसईहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाचजण पोर्तुगालला जायचं म्हणतोय. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. वसईचा किल्ला दाखवायला त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना नेलं, आणि लिस्बन एकदा बघायचं ही त्यांची फार जुनी इच्छा आहे. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात, शिवाय त्या अंडंही खात नाहीत. नवऱ्याने सहा रात्रींचा तक्ता केलाय. त्यात लिस्बन, सिंत्रा, पोर्तू आणि स्पेनमधलं सेव्हिलसुद्धा आहे, रोज सात-आठ ठिकाणं. तो म्हणतो, आईला या वेळी ताईकडे ठेवू, तिला झेपणार नाही. सासूबाईही म्हणतात, मला कशाला, तुम्ही जाऊन या. मला ते बरं वाटत नाही. पण शहर टेकड्यांचं आहे हेही खरं. काय करू?"

प्रिय ताई,

सासूबाईंना घेऊन जा. बाकी सगळं त्यानंतर.

"मला कशाला, तुम्ही जाऊन या" हे आपल्या घरातल्या बायका आयुष्यभर म्हणत आलेल्या असतात. समोरच्यानं ते लगेच मान्य करू नये, एवढीच त्यामागची अपेक्षा असते. तुम्हाला ते खटकलं, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलंत. तुमच्या यजमानांची काळजीही खरी आहे. त्यांच्या तक्त्याप्रमाणे फिरलात तर सासूबाईंना झेपणार नाहीच, पण तुम्हालाही झेपणार नाही आणि मुलगा तिसऱ्या दिवशी रडकुंडीला येईल. तेव्हा तक्ता बदलू या. तोही सासूबाईंचे गुडघे मध्ये ठेवूनच बदलू, कारण या शहरात गुडघ्यांना जे जमतं तेच बाकीच्यांनाही सुखाचं होतं.

सर्वात आधी सेव्हिल काढा. लिस्बनहून तिथे थेट रेल्वे नाही. बसनं सहा-सात तास जातात, आणि स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे असतं, म्हणजे जाताना तो तासही गेला. पोर्तू सुंदर शहर आहे, पण रेल्वेनं एका बाजूला तीन तास. पाच माणसं, त्यांच्या बॅगा, दोन ठिकाणी हॉटेल बदलणं, यातच सहा रात्रींतल्या दोन रात्रींचा जीव जातो. पोर्तू आणि सेव्हिल पुढच्या वेळेसाठी ठेवा. सहाही रात्री लिस्बनमध्ये, एकाच जागी, बॅगा एकदाच उघडायच्या.

आता शहर समजून घ्या, कारण इथे नकाशा फसवतो. नकाशावर चारशे मीटर दिसतात आणि प्रत्यक्षात ती जिन्यासारखी गल्ली निघते. तेजो नदीच्या काठाला लागून बायशा नावाचा सपाट भाग आहे. त्याच्या पूर्वेला किल्ल्याची टेकडी आणि तिच्या उतारावर अल्फामा, पश्चिमेला शियादो आणि बाइरू आल्तूची टेकडी. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी मोठा भूकंप झाला. सर्व संतांचा सण होता, चर्चं माणसांनी भरलेली होती. मागोमाग समुद्राची लाट आली आणि नंतर कित्येक दिवस आगी धुमसत राहिल्या. बायशा जमीनदोस्त झाला. पुढे पोंबालचा मार्केस म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्यानं तो पुन्हा आखून घेतला: सरळ रस्ते, काटकोनातले चौक, एकसारख्या इमारती आणि त्यांच्या भिंतींच्या आत लाकडी सांगाडा, जेणेकरून पुढच्या हादऱ्यात इमारत तग धरेल. अल्फामा मात्र बराचसा वाचला, म्हणून त्याच्या गल्ल्या आजही जुन्या आणि वाकड्यातिकड्या आहेत. राहायला बायशा, हिंडायला अल्फामा, एवढं ठरवलंत की अर्धी दमणूक वाचते.

बुकिंग करताना अल्फामातली स्वस्त आणि देखणी घरं दिसतील. मोह आवरा. दगडी पायऱ्यांवरून चाकांच्या बॅगा ओढायच्या, आणि पुढे लिफ्ट नसलेले तीन मजले तर रोज दोनदा चढायचे. बायशामध्ये रोसिओ चौकाच्या आसपास किंवा आवेनिदा दा लिबेर्दादेच्या खालच्या टोकाला जागा बघा आणि "लिफ्ट आहे का?" हे लेखी विचारा. जुन्या इमारतीत लिफ्ट असलीच तर दोन-तीन माणसांची असते. छोटं स्वयंपाकघर असलेलं घर मिळालं तर उत्तम, त्याचं कारण पुढे येईल. शहराचा पर्यटक-कर माणशी दर रात्री ४ युरो आहे, तेरा वर्षांखालच्या मुलांना माफ. म्हणजे तुम्हा चौघांचे सहा रात्रींचे ९६ युरो होतील. ते बहुतेक वेळा तिथे गेल्यावर वेगळे मागतात, दचकू नका.

आणि आता या सहलीचा एकच नियम: एका दिवशी एकच टेकडी.

यजमान म्हणतील, चढ गाडीनं करू आणि उतार पायी. बहुतेकांना हे चालतं. पण ज्यांचे गुडघे झिजलेले असतात त्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त त्रासाचं होतं, हे सासूबाईंना विचारा, त्या लगेच सांगतील. तेव्हा त्यांच्यासाठी चढही गाडीनं आणि उतारही गाडीनं. त्याची सोय शहरात आहे. किल्ल्याच्या दारापर्यंत ७३७ नंबरची छोटी बस प्रासा दा फिगेइरा चौकातून जाते. बायशामधल्या रुआ दुश फांकेइरुश रस्त्यावर एका इमारतीत सरकारी लिफ्ट आहे, फुकट. ती एक टप्पा वर सोडते. तिथून जरा पुढे एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट आहे, ती थेट किल्ल्याच्या पायथ्याच्या रस्त्यावर नेते. पश्चिमेच्या टेकडीसाठी बायशा-शियादो मेट्रो स्टेशनचे लांबलचक सरकते जिने आहेत. मेट्रोनं कुठे जायचं नसलं तरी खालच्या दारानं शिरून वरच्या दारानं शियादोत बाहेर पडता येतं. सांता जुश्ताची १९०२ मधली लोखंडी लिफ्ट बघायला छान आहे, पण तिच्या रांगेत तासभर उभं राहण्यात गुडघ्यांचा काय फायदा? खालून बघा आणि सरकत्या जिन्यानं वर जा.

रुळांवरून टेकडी चढणाऱ्या जुन्या डब्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यातल्या ग्लोरिया मार्गावर ३ सप्टेंबर २०२५ ला भीषण अपघात झाला, सोळा माणसं गेली, आणि त्यानंतर तपासणीसाठी शहरातले असे सगळे मार्ग थांबवले गेले. तुम्ही जाल तेव्हा काय चालू आहे ते तिथेच विचारा, आणि दिवसाची आखणी त्यांच्या भरवशावर करू नका.

पिवळ्या २८ नंबरच्या ट्रामचा हट्ट मुलगा धरणारच. धरू दे. फक्त ती दुपारी मार्तीं मोनीशच्या थांब्यावर पकडायला जाऊ नका. तिथे रांग प्रचंड असते, आत उभं राहावं लागतं आणि खिसेकापूंचं ते आवडतं ठिकाण आहे. सकाळी लवकर पश्चिमेच्या टोकाला, कांपु दी ओरीकला जा. पहिला थांबा असल्यानं सगळ्यांना बसायला मिळेल, आणि ती तुम्हाला बसल्या जागी दोन्ही टेकड्या दाखवत मार्तीं मोनीशला आणून सोडेल. प्रत्येकाकडे स्वतःचं प्रवासाचं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं चालत नाहीत. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: साध्या टॅक्सीत चारजणच बसतात. ॲपवर मोठी गाडी मागवा, किंवा दोन गट करा.

दोन गट करणं मला तर फार आवडतं. आपल्या घरांत पाचजण गेले की पाचही जणांनी सगळीकडे जायचं असा दंडक असतो. सोडून द्या तो. किल्ल्याच्या तटावर तुम्ही, नवरा आणि मुलगा चढा. तिथल्या पायऱ्या उंचसखल आहेत. तेवढ्या वेळात सासू-सासरे खाली पोर्ताश दु सोल या सज्जासारख्या चौकात बसतील. तिथे कॉफीची टपरी आहे, समोर अल्फामाची लाल कौलं आणि रुंद नदी. तासाभरानं तिथेच भेटायचं. अशा जागांना तिकडे मिरादोरु म्हणतात, शहरभर आहेत, बसायला फुकट.

पहिल्या दिवशी काही ठरवू नका. मुंबईहून थेट विमान नाही, आखातातून, इस्तंबूलहून किंवा युरोपातल्या एखाद्या शहरातून बदलून जावं लागतं. विमानतळावर सासूबाईंसाठी व्हीलचेअरची मागणी किमान ४८ तास आधी विमान कंपनीकडे नोंदवा. त्या "नको, लोक काय म्हणतील" म्हणाल्या तरी नोंदवा. पासपोर्ट तपासणीला आता बोटांचे ठसे आणि फोटोही घेतात, रांग लांब असू शकते. तिथे उन्हाळ्यात एक तास पुढे केलेलं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात, म्हणजे तुम्ही असाल तेव्हा ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतील. संध्याकाळी सातलाच डोळे मिटायला लागतील.

त्या संध्याकाळी फक्त नदीकाठी प्रासा दु कोमेर्सिउ चौकात जा. बायशातून सपाट रस्त्यानं चालत दहा मिनिटं. नोव्हेंबरमध्ये साडेपाचच्या आतबाहेर सूर्य मावळतो, त्याच्या आधी पोचा. तुमच्या सासऱ्यांना हा चौक सांगावा लागणार नाही. भूकंपापूर्वी इथे राजवाडा होता आणि त्यातच 'काझा दा इंदिया', म्हणजे भारताच्या साऱ्या व्यापाराचा हिशेब ठेवणारी कचेरी. मिरी इथे उतरत होती. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मधली दोनशे वर्षं तुमच्या गावाबद्दलचे निर्णय या काठावर पोचणाऱ्या आणि इथून सुटणाऱ्या जहाजांतून जात-येत होते. सासऱ्यांना बोलू द्या, नातवाला ऐकू द्या.

शहराच्या पश्चिमेला नदीकाठी असलेल्या बेलेम भागाला एक पूर्ण दिवस द्या, आणि तो सोमवार नको. सोमवारी जेरोनिमुश मठ आणि सरकारी संग्रहालयं बंद असतात. काइश दु सोद्रे स्टेशनवरून रेल्वेनं किंवा १५ नंबरच्या ट्रामनं जाता येतं. मठाची तिकिटं आधी ऑनलाइन काढा आणि दार उघडायच्या सुमाराला पोचा. वयाचा पुरावा म्हणून सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट जवळ ठेवा, पासष्टीपुढच्यांना बऱ्याच ठिकाणी सवलत मिळते.

मठाचं बांधकाम १५०१ च्या सुमाराला मानुएल राजानं सुरू केलं, आणि पैसा आला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामाची कबर, दुसऱ्या बाजूला कवी कामोइंशची. गामा मेला तो १५२४ मध्ये कोचीला. तिथेच त्याला पुरलं होतं, अवशेष नंतर पोर्तुगालला नेले, आणि या मठात तर ते एकोणिसाव्या शतकात आले. इथे घाई करू नका. इतका देखणा दगड, दोरखंडांची आणि समुद्री वेलींची ती नक्षी, आणि तिच्या पायाशी आपल्याच किनाऱ्यावरून गेलेली संपत्ती. १५०२ च्या दुसऱ्या सफरीत याच गामानं मलबारजवळ यात्रेकरूंनी भरलेलं जहाज पेटवून दिलं, हे कबरीवर लिहिलेलं नाही. कोरीवकामाचं कौतुक आणि तो इतिहास, दोन्ही मुलाला तिथेच उभं राहून सांगता आलं पाहिजे. हे काम आजोबांइतकं चांगलं कोणीच करणार नाही, कुठल्याही गाइडवर त्यासाठी पैसे घालवू नका.

मुलाला वेदीजवळ घेऊन जा. तिथल्या राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. मग त्याला गेंड्याची गोष्ट सांगा. गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकर्कला गेंडा दिला, त्यानं तो गोव्याहून जहाजानं मानुएल राजाला पाठवला, आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला. युरोपात शतकानुशतकं कोणी जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. जर्मन चित्रकार ड्यूररनं केवळ वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याचं ते प्रसिद्ध चित्र छापलं. बिचाऱ्या गेंड्याला पुढे पोपला भेट म्हणून पाठवलं आणि जहाज बुडून तो मेला. बेलेमच्या बुरुजावर एका कोपऱ्यातल्या मनोऱ्याखाली त्याचं दगडी डोकं आहे, वाऱ्यापावसानं झिजलेलं. बाहेरूनच दिसतं, मुलाला शोधायला लावा. बुरुजाच्या आत जाऊ नका. अरुंद गोल जिना आहे आणि आत पाहण्यासारखं बाहेरच्या निम्मंही नाही.

मठापासून नदीकाठच्या दर्यावर्दींच्या स्मारकाकडे जाताना रस्ता आणि रेल्वे ओलांडायला भुयारी वाट आहे, तिला पायऱ्या आहेत. सासूबाई तोवर मठासमोरच्या बागेत बसू शकतात. शेजारच्याच चौकात खांबावर आल्बुकर्क उभा आहे, १५१० मध्ये गोवा घेणारा तोच.

आता मी जे सांगणार आहे ते तुमच्या यजमानांच्या तक्त्यात नक्की नसेल. बेलेमवरून जाणारी तीच रेल्वे पुढे काशकाइशला जाते, काइश दु सोद्रेहून पाऊण तासाच्या आत. रूळ बराच वेळ पाण्याला लागून जातात, नदी रुंद होत होत समुद्र होते. एका स्वच्छ दिवशी सकाळी या गाडीत डाव्या बाजूच्या खिडक्या पकडा. वाटेत काशियास नावाचं छोटं स्टेशन लागतं. तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीचा हा तरुण गोव्यात शिक्षक म्हणून गेला, आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र लढ्यात उतरला आणि १९५५ मध्ये पकडला गेला. त्यांना पोर्तुगालला नेलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत, १९६९ च्या जानेवारीपर्यंत ते आत होते. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात ज्यांनी जिवाचं रान केलं त्यांत सुधीर फडके होते. तो तुरुंग आजही तुरुंगच आहे, पाहायला खुला नाही. पण गाडी तिथून जाते तेव्हा सासऱ्यांनी नातवाला फलाटावरची पाटी दाखवावी. एका मराठी शिक्षकाबद्दल दुसऱ्या मराठी शिक्षकानं सांगावं, यासाठी तिकिटाचे दोन-तीन युरो अगदीच थोडे आहेत.

काशकाइशला मुलाला वाळू मिळेल. अटलांटिकचं पाणी नोव्हेंबरमध्ये बोचरं थंड असतं, पोहायचा विचार नको. समुद्राकाठी सपाट फरसबंदी रस्ता आहे, सासूबाईंना हवं तेवढं चालता येईल.

रानड्यांचाच धागा पुढे न्यायचा असेल तर शहरातल्या दोन जागा बघा. कॅथेड्रलजवळच्या आल्जुब या जुन्या तुरुंगात हुकूमशहा सालाझारच्या राजवटीतल्या राजकीय कैद्यांचं संग्रहालय आहे. आणि शियादोच्या वर लार्गु दु कार्मु हा छोटा, झाडांचा चौक. २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी उठाव केला, लोकांनी त्यांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोवली, आणि पंतप्रधान कायतानूनं या चौकातल्या छावणीत शरणागती पत्करली. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करारानं मान्य केलं. चौकाच्या बाजूलाच कार्मु मठाचे भूकंपात छत कोसळलेले अवशेष आहेत, उघड्या आभाळाखाली नुसत्या कमानी. सरकत्या जिन्यानं वर आलात की तिथून फार चढ नाही. थोडं पुढे सांव रोक चर्च आहे. त्याच्या वस्त्रागारात आंद्रे रेइनोझो या चित्रकारानं सतराव्या शतकात काढलेली फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्याची चित्रमाला आहे. जुन्या गोव्यातलं शव तुम्ही पाहिलं असेल, आता त्याच्या आयुष्याची चित्रं बघा.

पावसाचा दिवस येणारच, लिस्बनला नोव्हेंबर हा भरपूर पावसाचा महिना. त्या दिवशी लाल मेट्रोनं ओरिएंत स्टेशनला जा आणि ओशियानारियु मत्स्यालय बघा. १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी तो सगळा भाग नव्यानं बांधला, त्यामुळे सपाट आहे आणि लिफ्ट सगळीकडे. मधल्या टाकीत पन्नास लाख लिटर समुद्राचं पाणी आहे. मुलाला दुपार पुरणार नाही.

सिंत्राला जायचंच असेल तर रोसिओहून रेल्वेनं चाळीस मिनिटं. फोटोतला रंगीत पेना राजवाडा डोंगरमाथ्यावर आहे, वेळेचं तिकीट, बसची रांग, मग पुन्हा चढ. नवऱ्याला आणि मुलाला तिकडे पाठवा. तुम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गावातल्या जुन्या राजवाड्यात जा. स्टेशनपासून पंधरा मिनिटांची बऱ्यापैकी सपाट वाट आहे. त्याच्या स्वयंपाकघराची दोन पांढरी शंकूसारखी धुराडी ३३ मीटर उंच आहेत, आणि गर्दी वरच्यापेक्षा पुष्कळ कमी. मला विचाराल तर दोन्हींतला तोच जास्त मनात राहतो.

सासूबाईंचं जेवण हा गंभीर विषय आहे, तो शेवटच्या क्षणावर टाकू नका. पोर्तुगीज गोड पदार्थ बहुतेक सगळे अंड्याच्या बलकात होतात. बेलेमची १८३७ पासूनची ती प्रसिद्ध पेस्ट्रीसुद्धा, त्यामुळे ती तुम्ही चौघं खा. 'काल्दु वेर्दे' हे पालेभाजीचं सूप शाकाहारी वाटतं, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात. "सें कार्ने, सें पेशी" म्हणजे मांस नको, मासा नको. "सें ओवुश", अंडं नको. कागदावर देवनागरीत लिहून सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा, त्यांनी स्वतः वेटरला वाचून दाखवलं की त्यांनाही मजा येईल. चीज त्या खात असतील तर सेरा दा एश्त्रेला चीज जरूर द्या. युरोपातली पुष्कळ चीजं वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात, हे मात्र एका काटेरी रानफुलाच्या अर्कानं. मक्याचा ब्रोआ पाव, ऑलिव्ह, संत्री, आणि रस्त्यावरच्या गाड्यांवर भाजलेले चेस्टनट. अकरा नोव्हेंबरच्या सांव मार्तीन्यूच्या सणाच्या आसपास त्यांचा धूर कोपऱ्याकोपऱ्यावर असतो. हॉटेलात बसल्यावर न मागता आलेल्या पाव-ऑलिव्हचे पैसे लागतात. नको असेल तर लगेच परत करा, कोणी रागावत नाही.

पोटभर घरचं जेवण हवं असेल तर लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, तिथल्या हिंदू समाजाचं. त्यातले पुष्कळजण मोझांबिकमार्गे आलेले गुजराती. तिथे शाकाहारी जेवण मिळतं, निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्या. मार्तीं मोनीशच्या आसपास डाळ, तांदूळ, हिंग, सगळं मिळणारी आपल्याकडची दुकानं आहेत. म्हणून स्वयंपाकघराचं घर बघा म्हटलं. रात्री मऊ भात, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं मिळालं की दुसऱ्या दिवशी सासूबाई सगळ्यांच्या आधी तयार असतील. फराळाचा डबा न्यायचा तर एक काळजी घ्या: युरोपीय संघात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी घरी ठेवा. चिवडा आणि तेलातल्या चकल्या न्या.

बूट. हे मी कळकळीनं सांगते. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे आहेत, शंभर वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की त्यावरून पाय सटकतो. सगळ्यांना चांगल्या पकडीचे रबरी तळव्यांचे बूट, निघण्याआधी महिनाभर वापरून सैल केलेले. सासूबाईंना चपला-मोजे चालणार नाहीत, त्यांना आत्ताच बूट घेऊन द्या आणि सकाळी वसईच्या किल्ल्याकडे फिरायला न्या. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, नदीवरून वारा येतो. हातात काठी घ्यायला त्यांना संकोच वाटत असेल तर घडी होणारी ट्रेकिंगची काठी घ्या.

आणि एक संध्याकाळ राखून ठेवा नदीपलीकडे जायला. काइश दु सोद्रेहून कासिलाशची फेरीबोट, दहा मिनिटं, त्याच प्रवास-कार्डावर. पलीकडून वळून पाहिलं की अख्खं लिस्बन टेकड्यांसकट समोर असतं. त्या शहराचा सर्वांत चांगला देखावा हा आहे, आणि त्यासाठी एकही पायरी चढावी लागत नाही.

यजमानांना तक्ता फाडायला सांगू नका. त्यांनी मेहनत घेतली आहे. तिकिटांच्या वेळा, सोमवारची सुट्टी, रेल्वेची वेळापत्रकं, हे काम त्यांच्याचकडे द्या. फक्त प्रत्येक दिवसाच्या रकान्यात एक टेकडी आणि एक बसायची जागा, एवढंच भरायला सांगा.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा लागतो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. दिवाळीसाठी जुलै-ऑगस्टमध्ये अर्ज गेलेले बरे. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५. अर्ज द्यायच्या दिवशी मुलाला बारा पूर्ण झालेली नाहीत ना, ते पाहा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, आणि सासू-सासऱ्यांचा घेताना आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते अक्षरन् अक्षर वाचा. सासऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रं आणि खर्च यजमान करणार असतील तर त्यांचं पत्र, दोन्ही जोडा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू राहणारा हवा.

सासूबाईंचा पासपोर्ट आहे की नाही हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. नसेल तर त्यांना विचारत बसू नका, या आठवड्यातच अर्ज भरा.